वार्निशखालची गाठ

जेवणे आटोपून ताटे उचलली गेली होती, तरी कोणी जागचे उठले नव्हते. खाली कारखान्यात, मधल्या ओट्यावर, थोरल्याच्या लेकीने, ठिणगीने, एकटीने नव्याने तार गुंडाळलेली विजेची मोटार जुन्या चादरीच्या तुकड्याखाली झाकून ठेवली होती. आणि शेजारच्या खोलीत तान्हे मूल निजलेले असावे तशी तिची जाणीव वरच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला अखंड होत होती. सगळ्यांचे आवाजही आपोआप खाली आले होते.

थोरला खिडकीशी बसला होता. उजव्या हाताच्या तर्जनीवरचा लहानसा फोड त्याने अंगठ्याखाली झाकून धरला होता.

“आजचा दिवस शेवटचा,” मधली म्हणाली. “संध्याकाळपर्यंत जागा पक्की केली नाही, तर ती जाते दुसऱ्याला. मग बसा सगळे एकमेकांची तोंडं बघत.”

मधली ही मोटारदुरुस्तीचा हा कारखाना उभारणाऱ्या अण्णांची एकुलती लेक. थोरल्याच्या पाठची आणि धाकट्याच्या आधीची. ती एका तंत्रमहाविद्यालयात शिकवीत असे, त्यामुळे घरात बोलतानाही समोर फळा आहे असे गृहीत धरून बोले. थोरल्याच्या मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक जागा दूरच्या शहरात, संगणकाच्या शाखेत. दुसरी इथेच, यंत्र आणि वीज ह्या दोहोंची मिळून जी एक विद्या झाली आहे, त्या विद्युत्‌यांत्रिकीच्या शाखेत. हीच पदवी एके काळी थोरल्याने घेतली होती, आणि ती ज्या दिवशी हाती आली त्या दिवशी अण्णांनी कारखाना बंद ठेवला होता. असे त्यांनी आयुष्यात पुन्हा कधी केले नाही.

“ताई, जागा कुठे पळून जाते?” धाकटा म्हणाला. “आधी मोटार फिरू दे. दादाने शब्द दिलाय.”

“दिलाय ना? मग चला खाली. दादा, ऊठ.”

थोरला उठला नाही. “चहा होऊ दे,” तो म्हणाला.

शब्द त्याने खरोखरच दिला होता, आणि तोही सर्वांसमक्ष. मागच्या खेपेस हीच मंडळी ह्याच खोलीत जमली असता, लेकीच्या हट्टाला कंटाळून तो म्हणाला होता की, हिने एक जळकी मोटार एकटीने उभी करावी. ती सर्वांदेखत फिरली तर माझी हरकत संपली. हे तिच्याने व्हायचे नाही, ह्या भरवशावर तो तसे बोलला होता. अभ्यासाच्या ओझ्याखाली ती मधेच सोडून देईल, असा त्याचा कयास होता. आपली मुलगी कोणाची नात आहे, हे तो त्या घटकेला विसरला.

ठिणगी हे नाव तिला अण्णांनीच ठेवले होते. दोन-अडीच वर्षांची असताना तिने विजेच्या खोबणीत खिळा घातला, भिंतीवर मोठी ठिणगी उडाली, आणि सगळे घर किंचाळत असताना ही मात्र टाळ्या वाजवून ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणत राहिली. आता ती अठरा वर्षांची झाली होती. दाराच्या चौकटीला टेकून ती उभी होती, आणि नखात अडकलेले वार्निश दुसऱ्या हाताच्या नखाने काढीत होती.

“तू बोल की काहीतरी,” मधली तिला म्हणाली. “तुझ्याच लग्नाची बोलणी चालल्यासारखी काय उभी राहिलीस?”

“मी बोलले की बाबा म्हणतात, तुला काय कळतंय. म्हणून मी खाली मोटारीलाच बोलायला लावणार आहे.”

अण्णा प्रसन्नपणे हसले. त्यांची दृष्टी आता बरीच अधू झाली होती. माणसे त्यांना आकारांनी आणि आवाजांनी कळत. “आमच्या वेळी मोटारी कमी बोलायच्या,” ते म्हणाले, “आणि माणसं त्यांच्याहून कमी.”

थोरल्याची पत्नी चहा घेऊन आली. प्रत्येकाच्या हाती पेला देत ती नवऱ्यापाशी थांबली. “अहो, त्या बोटाला काही लावलंत का?”

“काही नाही झालेलं. कामावर चटका बसला.”

 पेला देताना तिची नजर त्या फोडावर क्षणभर रेंगाळली, हे त्याने पाहिले.

मधलीने पेला बाजूला ठेवला आणि मूळ विषयाला हात घातला. “दादा, तुझा विरोध तरी कशाला आहे, ते एकदा मला समजावून सांग. नुसतं यंत्र कळणारी माणसं आहेत, नुसती वीज कळणारी आहेत. दोन्ही कळणारं माणूस शोधून सापडत नाही. रुग्णालयातली यंत्रं बघ, पवनचक्क्या बघ, गोदामांतून माल उचलणारे यंत्रमानव बघ. जे जे म्हणून विजेवर हलतं, ते सगळं हिच्या हाताखालून जाणार आहे. आमच्याकडे येऊन कंपन्या विचारतात, आहेत का अशी मुलं?”

“विचारतात,” थोरला म्हणाला. “मलाही विचारलं होतं.”

“मग?”

“मग काय. मी गेलो ना.”

ह्या उत्तरात काहीतरी होते. धाकट्याने मान वर केली. थोरला उद्वाहने बनविणाऱ्या एका कंपनीत दुरुस्तीखात्याचा प्रमुख अभियंता होता. उंच इमारतींतून माणसांना वरखाली नेणारी यंत्रे त्याच्या हुकमतीत होती, आणि ह्या घराला त्याचा सार्थ अभिमान होता.

“मी तिथे आता काय करतो, माहीत आहे तुम्हाला?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट फार समजूतदार झाला होता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. “एक बंद पेटी असते. मोटार, तिचा मेंदू, सगळं आत. उघडायची नाही, उघडली तर हमी संपते. लिफ्ट बंद पडायच्या आधीच दूर कुठल्यातरी पडद्यावर दिसतं की ही पेटी आता आजारी पडणार. मला निरोप येतो. मी जातो, चार स्क्रू काढतो, जुनी पेटी खोक्यात घालतो, नवी बसवतो. खोक्यावर चिकटपट्टी लावतो. चिकटपट्टी फार छान लावतो मी.”

“अरे, पण तो मेंदू तरी कोणीतरी बनवतंच ना!” मधली म्हणाली. “ते शिक. नवं शिकायला काय वय लागतं?”

“शिकलो गं. तुला वाटतं नसेल शिकलो? रात्रीचे वर्ग केले. माझ्या पोरीच्या वयाच्या मुलांशेजारी बसून परीक्षा दिली, पासही झालो. ज्या वर्षी शिकलो त्याच वर्षी ती प्रणाली कंपनीने मोडीत काढली. पुढची शिकलो. ती आता पेटीतच बसून येते, तिला माझी गरज नाही. हातात कसब आहे गं. ते लावायचं कशाला, तेवढं फक्त उरलेलं नाही.”

 वर्षअखेरीस त्याची जागाच रद्द होणार आहे, हे त्याने अजूनही सांगितले नव्हते. ते केवळ त्याच्या पत्नीला ठाऊक होते, आणि ती रिकाम्या पेल्याच्या तळाकडे पाहत होती.

“म्हणजे कंपनीत तुझ्या हाताला काम उरलं नाही, म्हणून पोरीने शिकायचंच नाही?” धाकटा अखेर म्हणाला. “इथे कारखाना आहे. मी मरमर मरतो एकटा. ती आली तर—”

“किती मोटारी आल्या तुझ्याकडे ह्या महिन्यात?”

“येतात.”

“किती?”

धाकटा हसला. त्याला दुःख झाले की हसू येई, लहानपणापासूनची खोड. “अरे बाबा, लोक आता मोटार टाकून नवी घेतात. स्वस्त पडते. पण म्हणून काय झालं?”

“काही झालं नाही,” थोरला म्हणाला. “तेच तर म्हणतोय मी.”

“मला एक सांगू?” ठिणगी दारातून म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. “गुरुवारी तपासणीची गोळी फिरली ना, तेव्हा मी श्वास घ्यायची विसरले होते. संगणकाच्या त्या जागी जाऊन मी सगळं शिकेन बाबा, मला येईल. पण श्वास घ्यायची विसरणार नाही मी तिथे. एवढंच कळतंय मला.”

अण्णांनी काठी उचलली. “चला,” ते म्हणाले. “फिरू दे तिला.”

*

जिन्याने खाली उतरताना थोरला सर्वांच्या मागे राहिला.

ती गोळी त्यानेही पाहिली होती. मोटारीच्या पोटातला फिरणारा भाग काढून ठेवला म्हणजे मध्ये एक पोकळी उरते. भोवतीच्या खाचांतून तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. त्या पोकळीत एक पोलादी गोळी सोडायची आणि वेटोळ्यांना जराशी वीज द्यायची. गुंडाळणी निर्दोष असेल तर ती गोळी कोणी ढकलल्यावाचून कडेकडेने धावू लागते आणि धावतच राहते. एक जोड जरी उलटा असेल, तर ती तिथेच थरथरत अडखळते. गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा हीच परीक्षा चालली होती. जिन्याच्या पायरीवरून त्याने पाहिले: गोळी एका सुरात धावत होती, अण्णा कान लावून लहान मुलासारखे हसत होते, आणि त्याची लेक ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून, ओठ किंचित विलग करून, निश्चल उभी होती. त्याला आपल्या मुलीचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांपुढेच त्याला ती पन्नाशीची दिसली. कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत, खोक्यावर चिकटपट्टी लावताना.

शुक्रवारी दुपारी तो लवकर घरी आला. धाकटा माल पोचवायला गेला होता, ठिणगी बाहेर होती, अण्णा वर विश्रांती घेत होते. गुंडाळणीला अजून वार्निश लागायचे होते. त्याने वेटोळ्यांवरची दोरी एका जागी कापली, जोडावरची नळी सरकवली, एका गटाची दोन टोके सोडवून उलटी जोडली, कथलाचा डाग देऊन सांधली, नळी सारखी केली, आणि वरून दोरी पुन्हा बांधून टाकली. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही, की ते करताना त्याला सुख झाले. किती वर्षांनी त्या हातांना काम मिळाले होते! तांबे वितळल्या कथलाखाली चमकले, तसे त्याचे मन चमकले. आपण काय करीत आहोत ह्याचे भान सुटून तो केवळ कसे करीत आहोत एवढ्यातच रमला. बोटाला चटका बसला तोही त्याला उशिरा कळला. त्याच संध्याकाळी, ठिणगी परतायच्या आत, धाकट्याने गुंडाळणी वार्निशात बुडवून भट्टीत सुकायला ठेवली.

एकदा मोटार घुमली, फिरली नाही, की सगळे मिटेल, असे त्याने स्वतःला समजावले होते. मुलगी रडेल, आणि वाचेल.

*

धाकट्याने तारा जोडल्या. तीन फेजांच्या विजेची तीन मापके ओट्यावर ओळीने मांडली. ठिणगीने चादर काढली. मोटारीला तिने राखाडी रंग दिला होता, आणि पंख्याच्या जाळीवर सांडलेला रंग कापसाने नीट पुसला होता.

“आजोबा, बटण तुम्ही दाबा.”

“ज्याने गुंडाळली त्याने दाबायचं. माझं काय काम?”

तिने बटण दाबले.

मोटार गुरगुरली. त्या आवाजाला दुसरा शब्द नाही. आसाने अंग झाडले, अर्धवट वेग घेतला, आणि साखळीला बांधलेल्या जनावरासारखी ती ओट्यावर धडधडू लागली. तीन मापकांचे काटे तीन दिशांना गेले. “बंद कर! बंद कर!” धाकटा ओरडला, आणि त्यानेच मुख्य खटका खाली ओढला. जळकट वास सुटला. मग इतकी शांतता झाली की आस थांबताना घासला तेही ऐकू आले.

“पुन्हा लावून बघा,” मधली म्हणाली.

“पुन्हा लावली तर जळेल, ताई. काटे बघितलेस का? आत जोड उलटा आहे.”

“पण गोळी फिरली होती,” ठिणगी म्हणाली. ती कोणाला सांगत नव्हती. “फिरली होती ना, आजोबा?”

“फिरली होती,” अण्णा म्हणाले.

“मग गुरुवारी बरोबर असलेली मोटार रविवारी कशी चुकते?” मधली आता धाकट्याकडे वळली. जो इतका वेळ तिच्याच बाजूने बोलत होता तोच आता तिला विरुद्ध बाजूला दिसला. “वार्निश कोणी घातलं? तूच ना? बुडवताना ओढलंस, काढलंस, काहीतरी केलंस. नाहीतर तुझं आपलं धसमुसळं काम!”

“मी वार्निश घालतो, ताई, जोड नाही उलटे करत.”

“मग कोणी केलं? भुताने? भट्टी तुझी, चावी तुझी, शुक्रवारी इथे दुसरं होतं कोण? मला तर वाटतं तुलाच नकोय ती इथे. उद्या जागा विकायची झाली तर एक वाटेकरी वाढेल, म्हणून.”

हे बोलणे फार झाले, हे बोलणारीलाही बोलताक्षणी कळले. धाकटा हसला, आणि त्याचे हसणे थांबेना. “बरोबर,” तो म्हणाला. “ह्या घरात जे म्हणून जळतं ते माझ्याच हातून जळतं. दादा इंजिनिअर, तू प्राध्यापक, मी धसमुसळा. लिहा माझ्याच नावावर.”

थोरला पुढे सरकला, आणि थांबला.  त्याची पत्नी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती आणि त्याच्या तर्जनीकडे पाहत होती. जिथे माणूस केवळ चार स्क्रू काढतो, तिथे डाग देताना बोट भाजत नाही. एवढा हिशेब त्या माउलीला कोणी शिकवायला नको होता. तरी ती बोलली नाही. तिलाही मुलगी दूरच्या शहरात सुखरूप हवी होती. दोघांची नजरानजर झाली, आणि त्या एका दृष्टीत ते दोघे जितके जवळ आले तितके कित्येक वर्षांत आले नव्हते. आणि ते जवळ येणे किती हीन आहे हेही दोघांना उमगले.

“काकाने काही नाही केलं,” ठिणगी म्हणाली. “थांबा. मी उघडते.”

तिने पाना घेतला. मागची जाळी, पंखा, झाकण. एकेक भाग तिने काढला आणि काढला त्या क्रमाने ओट्यावर मांडला, अण्णांनी शिकवले होते तसा. फिरता भाग दोन्ही हातांनी अलगद ओढून घेतला. मग दिवा खाली ओढून ती वेटोळ्यांवर वाकली.

ह्या कारखान्याची एक रीत होती. वेटोळी जागच्या जागी राहावीत म्हणून त्यांवर दोरी बांधतात; ती सगळीकडेच बांधतात. पण ह्या घरात ज्याने त्याने आपली गाठ ठरवून घेतलेली असे. अण्णांची गाठ दुहेरी आणि चपटी. धाकट्याची बोजड. पहिली मोटार गुंडाळणाऱ्याने आपली गाठ स्वतः शोधून काढायची आणि ती आयुष्यभर बदलायची नाही. मोटार वीस वर्षांनी परत आली तरी ती उघडताच कळावे की आत कोणाचे हात आहेत. आणि त्या रीतीला जोडून दुसरी एक होती: गुंडाळणी सदोष निघाली, तर ज्याची गाठ त्यानेच ती कापायची, सर्वांसमोर. अण्णांनीही एकदा कापली होती.

ठिणगीची गाठ बारीक, उजवीकडे कललेली, टोक आत खोचलेले. वार्निशच्या तांबूस थराखाली त्या गाठी एकामागून एक, ओवल्यासारख्या, गोलाकार जात होत्या. ती बोट फिरवीत निघाली. आणि एका जागी बोट थांबले.

थोरल्यालाही त्याच क्षणी ती दिसली. दिव्याच्या उजेडात, त्या सगळ्या उजव्या गाठींच्या रांगेत, एक गाठ डावीकडे कलली होती. तीन पिळांची, टोक लांब राखलेली. ह्या घरात डावखुरा एकच होता.

त्याने ती बांधल्याचे त्याला स्मरत नव्हते. जोड लपवावा म्हणून त्याने नळी जुळवली होती, दोरीचा रंग पाहून घेतला होता, कापलेले तुकडे खिशात घालून नेले होते. बोटांना मात्र सांगायचे राहिले होते. त्यांना काम मिळाले, आणि काम संपताच त्यांनी इमानाने सही केली.

ठिणगी सरळ झाली. तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिले नाही. आधी हाताकडे पाहिले, फोडाकडे. मग वर.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही सांगा. कुठे चुकलं असेल?”

ती त्याला वाट करून देत होती. हे त्याला कळले. सगळे उभे होते. धाकट्याचे डोळे लाल झाले होते, मधली ओठ चावीत होती. एक वाक्य पुरे होते. तेवढेच बोलला असता, तर त्याची लाज गेली असती आणि बाकी सगळे राहिले असते.

“घाईत होतं असं,” थोरला म्हणाला.

 गुरुवारी गोळी धावताना तिच्या मुद्रेवर जे उमटले होते ते आता तिथून उतरू लागले. पाणी उतरावे तसे, घाई न करता. सगळे उतरल्यावर ती म्हणाली:

“हो. घाईतच झालं. माझंच चुकलं. आत्या, काकाला काही बोलू नका.”

“पण गोळी—”

“नीट फिरली नसेल. मला वाटलं फिरली.”

अण्णांनी काठीवरचा हात बदलला. काहीतरी विचारावे असे त्यांच्या मनात आले असावे. पण नातीने स्वतःची विद्या स्वतःच्या तोंडाने खोटी ठरवली, तिथे त्यांना विचारायला काही उरले नाही. “मग रीत माहीत आहे तुला,” ते एवढेच म्हणाले.

“अण्णा, पोर आहे ती!” धाकटा म्हणाला. “मी एक गट सोडवून उलटा करतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मोटार सोन्यासारखी आहे. शब्दाचं काय ते नंतर बघू.”

“नको, काका,” ठिणगी म्हणाली.

तिने खणातून कातरी काढली. वार्निश चांगले मुरले होते. प्रत्येक गाठीवर तिला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला, आणि प्रत्येक गाठ तुटताना सुक्या काटकीसारखा कट्‌ असा आवाज झाला. रात्रंदिवस खपून बांधलेल्या त्या गाठी ती एका लयीत कापीत गेली. मधली रडू लागली. धाकटा दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. थोरल्याची पत्नी जिना चढून वर गेली. तिची पावले वरच्या फरशीवर इकडून तिकडे वाजत राहिली.

कापता कापता कातरी एका जागी आली आणि ती जागा ओलांडून पुढे गेली. शेवटी ठिणगीने कातरी ओट्यावर ठेवली, चिंधीला हात पुसले.

“त्या दुसऱ्या जागेचं आजच पक्कं करते,” ती म्हणाली. “आत्या, येता का वर? मला एकटीला तिथलं काही कळायचं नाही.”

वडिलांच्या जवळून जाताना ती किंचित थांबली. तिने इतक्या हळू आवाजात विचारले की ते त्या एकट्यालाच ऐकू आले. त्यात राग नव्हता. राग असता तर त्याने तो जन्मभर जपला असता.

“इतकं वाईट आहे का हो बाबा, तिकडे?”

उत्तराची वाट न पाहता ती जिना चढून गेली.

*

धाकटा बाहेरच्या बाहेर कुठेतरी निघून गेला होता. कारखान्यात थोरला आणि अण्णा एवढेच उरले. अण्णांनी ओट्याच्या कडेने हात सरकवीत पोकळीपर्यंत आणला आणि सैल पडलेल्या वेटोळ्यांवर तळवा ठेवला. कोणा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा तो त्यांनी कितीतरी वेळ ठेवला. मग त्यांची बोटे चालू लागली. तुटक्या दोऱ्यांच्या टोकांवरून, एकेक करून, पुढे, पुढे. आणि थांबली.

त्यांनी ती गाठ एकदा चाचपली. पुन्हा चाचपली नाही.

थोरला म्हणाला, “अण्णा.”

अण्णांनी हात काढून घेतला. त्यांनी काठी शोधली, उठले, आणि जिन्याच्या दिशेने दोन पावले गेल्यावर, पाठमोरेच, एरवी हत्यारे कुठे ठेवली आहेत हे सांगावे त्याच स्वरात म्हणाले:

“एक राहिली आहे. कातरी डाव्या अंगाला ठेवलीय तिने. तुझ्या हाताला येईल अशी.”